वादळानंतरची चाळीस वर्षे

इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन न्यूटन याचे नाव आज जगभर टिकून आहे ते मुख्यतः 'अमेझिंग ग्रेस' या स्तोत्रामुळे. देवाच्या कृपेचे गुणगान करणारे हे स्तोत्र जेथे जेथे गाइले जाते तेथे तेथे त्याच्या कर्त्याची एक कथाही सांगितली जाते. गुलामांनी भरलेले जहाज, भर समुद्रात उठलेले वादळ, कप्तानाने केलेला देवाचा धावा, तत्क्षणी झालेला पश्चात्ताप, गुलामांची मुक्तता आणि मग हे स्तोत्र, असा तिचा क्रम असतो. प्रवचनकारांना ही कथा सोयीची वाटावी यात नवल नाही. तिच्यात उणीव एवढीच, की ती अशी घडलेली नाही. वादळ झाले १७४८ साली. न्यूटन त्या जहाजाचा कप्तान नव्हता. गुलामांच्या जहाजाचा कप्तान तो झाला तो या वादळानंतर, देवावर श्रद्धा बसल्यानंतर. ते काम त्याने सोडले १७५४ मध्ये आणि तेही आजारपणामुळे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याचा पहिला जाहीर शब्द छापला गेला तो १७८८ साली. वादळापासून हा काळ मोजला तर तो चाळीस वर्षांचा भरतो. पाप आणि पापापासून सुटका या विषयाचा ज्याला गंभीरपणे विचार करावयाचा आहे, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, त्याने वादळाच्या एका रात्रीपेक्षा या चाळीस वर्षांकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

न्यूटनचा जन्म १७२५ च्या जुलैमध्ये लंडनच्या वॉपिंग या गोदीलगतच्या भागात झाला. वडील भूमध्य समुद्रातील व्यापारी जहाजाचे कप्तान. आई धर्मनिष्ठ होती. तिने लहानपणीच मुलाला पवित्र शास्त्र शिकविले, परंतु तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच क्षयाने ती गेली. अकराव्या वर्षी वडिलांबरोबर तो समुद्रावर गेला. पुढे १७४४ मध्ये सक्तीच्या भरतीत सापडून तो आरमाराच्या 'हार्विच' या जहाजावर रुजू झाला, तेथून पळाला, पकडला गेला, सर्वांसमक्ष फटके खाऊन पदावरून उतरविला गेला. हे जहाज पूर्वेच्या दीर्घ सफरीवर निघाले होते. मदेराच्या बंदरात अदलाबदल होऊन न्यूटन आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका गुलामांच्या जहाजावर चढला नसता, तर कदाचित हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील एखाद्या दफनभूमीत त्याचे नाव मिळाले असते आणि हा लेख लिहिण्याचे कारणही उरले नसते.

आफ्रिकेत सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळ एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे त्याने नोकरी धरली. हा व्यापारी दौऱ्यावर गेला असता न्यूटन तापाने आडवा झाला आणि त्या व्यापाऱ्याच्या आफ्रिकन सहचारिणीने त्याचे अन्नपाणी तोडले. पुढे खुद्द मालकानेही त्याच्यावर चोरीचा आळ घेऊन त्याला साखळीने जखडून ठेवले. अशा स्थितीत तो वाळूवर काठीने आकृत्या काढून युक्लिडची भूमिती शिकत असे. परंतु या साऱ्या हकिकतीत एक तपशील असा आहे, की तो वाचल्यावर पुढचे काहीच सहजपणे वाचता येत नाही. आजारी न्यूटनला चोरून अन्न आणून दिले ते बेड्यांत असलेल्या गुलामांनी, आपल्या वाट्याच्या तुटपुंज्या शिध्यातून. हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. ज्या माणसांच्या हातचे खाऊन तो जगला, त्याच माणसांची पुढे त्याने खरेदी केली.

वडिलांच्या सांगण्यावरून 'ग्रेहाउंड' नावाच्या जहाजाने त्याला शोधून काढले. परतीच्या वाटेवर, १७४८ च्या मार्चमध्ये, उत्तर अटलांटिकमध्ये जहाज फुटू लागले. त्या काळी न्यूटन नास्तिक तर होताच, पण देवाधर्माची टिंगल आणि शिवराळपणा यांबद्दल खलाशांतही कुप्रसिद्ध होता. तासन् तास पाणी उपसताना त्याच्या तोंडून देवाच्या दयेची याचना निघून गेली आणि निघाली याचे त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले. चार आठवड्यांनी मोडके जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. पुढे आयुष्यभर तो २१ मार्च हा दिवस प्रार्थनेने पाळीत राहिला. इथपर्यंत लोककथा आणि इतिहास बरोबरीने चालतात. पुढे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

त्याच वर्षी न्यूटन 'ब्राउनलो' या गुलामांच्या जहाजावर पहिला अधिकारी म्हणून रुजू झाला. त्या सफरीचे आकडे त्याच्याच नोंदींवरून उपलब्ध आहेत. आफ्रिकेचा किनारा सोडताना जहाजावर २१८ गुलाम होते. दक्षिण कॅरोलायनाला पोहोचेपर्यंत त्यांतील ६२ मेले. किनाऱ्यावर जहाज उभे असतानाच जे मेले ते या हिशेबात नाहीत. दर साडेतीन माणसांमागे एक माणूस समुद्रात टाकला गेला आणि तरीही, मोठी साथ वगैरे काही आली नव्हती, असे तोच म्हणतो. या सफरीत त्याचा नवा धर्मभाव पातळ होत गेला, जुनी वर्तणूक परत आली, पुन्हा ताप आला, पुन्हा प्रार्थना झाली. पुढे मागे वळून पाहताना न्यूटन असे मानीत असे, की वादळाच्या रात्री आपण खऱ्या अर्थाने ख्रिस्ती झालो असे म्हणता येणार नाही. तेथे केवळ सुरुवात झाली. आपल्या परिवर्तनाची तारीख इतक्या कसोशीने पाळणाऱ्या माणसाने तिच्यावर इतका कमी भार ठेवावा, ही त्याच्या प्रामाणिकपणाची खूण होय.

१७५० मध्ये मेरी कॅटलेट हिच्याशी त्याचा विवाह झाला. तिच्यावर त्याचे प्रेम वयाच्या सतराव्या वर्षापासून होते. त्याच वर्षी लिव्हरपूलचा जहाजमालक जोसेफ मॅनेस्टी याने त्याला कप्तान केले आणि १७५४ पर्यंत न्यूटनने गुलामांच्या तीन सफरी स्वतःच्या हुकमतीखाली केल्या. या चार वर्षांतील त्याची तीन प्रकारची लेखणी आपल्याला पाहावयास मिळते आणि ती एकत्र ठेवून वाचणे हा विलक्षण अनुभव आहे. पहिली, बायकोला लिहिलेली पत्रे. ती अतिशय कोमल आहेत. दुसरी, आत्मपरीक्षणाची रोजनिशी. तीत तो वाया गेलेला वेळ, प्रार्थनेतील मनाची चंचलता, वाचनातील आळस यांबद्दल स्वतःला धारेवर धरतो. बायकोवर आपण देवापेक्षा अधिक प्रेम करतो ही मूर्तिपूजाच होय, असेही त्याला वारंवार वाटे व त्याबद्दल तो क्षमा मागे. तिसरी लेखणी जहाजाच्या नोंदवहीतील. तीत मेलेल्या गुलामांना नाव नाही, क्रमांक आहेत. बंडाच्या संशयावरून काही मुलांचे अंगठे लोखंडी पिळ्यात घालून कबुलीजबाब घेतल्याची नोंदही तीत आहे. रविवारी हाच कप्तान खलाशांना जमवून उपासना चालवी. डेकखाली बेड्यांत असलेली माणसे त्या उपासनेत मोजली जात नसत.

याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते बरोबर होणार नाही. ढोंग्याला आपण काय लपवितो हे ठाऊक असते. न्यूटनला काही लपवावयाचे नव्हते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौलाने जे अंतर्युद्ध वर्णिले आहे, म्हणजे चांगले करण्याची इच्छा असूनही हातून वाईटच घडणे, ते न्यूटन रोज लढत होता आणि खरेपणाने लढत होता. ख्रिस्ती शिकवणीत पापाची क्षमा आणि पापाच्या सत्तेतून सुटका या दोन गोष्टी वेगळ्या धरलेल्या आहेत. क्षमा श्रद्धेबरोबर मिळते; दुसरे काम, ज्याला पवित्रीकरण म्हणतात, ते मरेपर्यंत चालते. हे न्यूटनला पूर्णपणे मान्य होते. प्रश्न असा, की हे युद्ध तो कोणत्या रणांगणावर लढत होता? शिवी, क्रोध, वासना, आळस हे शत्रू समोर दिसत होते आणि त्यांच्याशी झुंज चालू होती. धंदा हा त्या रणांगणातच येत नव्हता. तो पोटापाण्याचा, कायद्याने मान्य केलेला आणि समाजात प्रतिष्ठा असलेला व्यवसाय होता. बेड्या, साखळ्या आणि कुलपे यांच्यातील हे तुरुंगाधिकाऱ्याचे जिणे त्याला मनातून आवडत नव्हते आणि अधिक माणुसकीचे काम मिळावे म्हणून तो प्रार्थनाही करी. परंतु नावडते काम आणि पाप यांत तो फरक करीत होता.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला येथे थांबल्यावाचून राहवत नाही. लिव्हरपूलहून निघालेल्या अशा जहाजात बंदुका, दारू, लोखंड, मणी आणि कापड भरलेले असे. या व्यापारासाठी जाणाऱ्या कापडात हिंदुस्थानातील सुती मालाचाही मोठा भाग असे. आफ्रिकेत त्याच्या बदल्यात माणसे घ्यावयाची, ती वेस्ट इंडीजमध्ये वा अमेरिकेत विकावयाची आणि साखर, तंबाखू व हुंड्या घेऊन परतावयाचे. विणणारा, विकणारा, विमा उतरविणारा, जहाजमालक, मळेवाला, आणि चहात साखर घालणारी गृहिणी, यांतील प्रत्येकाचा हात एका लहानशा, स्वच्छ व्यवहारापुरता. पाप इतके वाटले गेले, की कोणाच्याच पदरात ते पापाएवढे पडले नाही. कप्तान मात्र या साखळीत असा दुवा होता, की त्याला आपल्या डोळ्यांनी सर्व काही दिसत होते. आणि तरी ते त्याला दिसले नाही.

काळच तसा होता, असे यावर म्हटले जाते. हे समर्थन फारसे टिकत नाही. ज्या १७५४ साली न्यूटनने अखेरची सफर संपविली, त्याच साली अमेरिकेत जॉन वूलमन या क्वेकर शिंप्याने गुलाम बाळगण्याविरुद्ध पुस्तिका प्रसिद्ध केली. तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहून देताना वूलमनचा हात अडखळला होता आणि तो अडखळणे त्याने आयुष्यभर विसरू दिले नाही. १७६१ मध्ये लंडनच्या क्वेकरांनी गुलामांचा व्यापार करणाऱ्या सभासदांना पंथात ठेवावयाचे नाही असा निर्णय केला. जॉन वेस्लीने या प्रथेवर १७७४ मध्ये पुस्तिका लिहिली. तेव्हा तेच बायबल आणि तोच काळ असूनही काहींना दिसत होते. न्यूटनला ते दिसावयास आणखी चौदा वर्षे लागली.

समुद्र त्याने सोडला तो १७५४ मध्ये, नव्या सफरीच्या तोंडावर अचानक झटका येऊन बेशुद्ध पडल्यामुळे. पुढच्या वर्षी तो लिव्हरपूल बंदरात जकात खात्याचा अधिकारी झाला. गुलामांची जहाजे आता त्याच्या समोरून जात होती. काही पुंजी त्याने मॅनेस्टीच्या धंद्यात गुंतविलेली होती. मॅनेस्टीचे दिवाळे निघाले तेव्हा ती बुडाली. या वर्षांत तो ग्रीक आणि हिब्रू शिकला. वेस्लीशी त्याची ओळख झाली, परंतु माणूस या जन्मीच पापवृत्तीपासून पूर्णपणे मुक्त होऊ शकतो हे वेस्लीचे मत त्याला कधीही पटले नाही. स्वतःच्या अंतःकरणाची इतकी माहिती असलेल्या माणसाला ते पटणे कठीणच होते. बऱ्याच नकारांनंतर १७६४ मध्ये इंग्लंडच्या चर्चने त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा दिली व तो ओल्नी या गावी गेला.

ओल्नी हे लेस विणणाऱ्यांचे गरीब गाव. तेथील सोळा वर्षे हा न्यूटनच्या आयुष्यातील सर्वांत सुंदर भाग होय, असे आम्हांस वाटते. जॉन थॉर्नटन या श्रीमंत व्यापाऱ्याने गोरगरिबांसाठी पाठविलेला पैसा तो सढळ हाताने वाटी. १७६७ मध्ये विल्यम कूपर हा कवी त्याच्या शेजारी राहावयास आला. विषादाने ग्रासलेल्या कूपरला, आपण देवाने टाकलेले आहोत, अशी भयंकर खात्री होती. १७७३ च्या पहिल्या दिवसाच्या उपासनेसाठी न्यूटनने ते प्रसिद्ध स्तोत्र रचले आणि त्याच महिन्यात कूपरचे मन पुन्हा ढासळले. या मित्राला न्यूटनने महिनोन् महिने स्वतःच्या घरात सांभाळले. कूपर १८०० साली वारला तोपर्यंत कृपा आपल्यासाठी आहे असा विश्वास त्याला परत कधी आलाच नाही. ज्याच्या हातून घोर पातके घडली त्याला क्षमेची खात्री, आणि ज्याने कोणाचे काही वाईट केले नाही त्याला नरकाची. धर्मशास्त्राजवळ याचे उत्तर असेल; न्यूटनजवळ नव्हते, आणि त्याने ते आहे असे भासविलेही नाही. दोघांची स्तोत्रे १७७९ मध्ये एका संग्रहात निघाली.

याच काळात त्याने असंख्य लोकांना पत्रे लिहिली. आपल्या हातून तेच ते पाप पुन्हा का घडते, मग आपली श्रद्धा खरी तरी आहे काय, असे विचारणारी माणसे त्याच्याकडे येत. तो त्यांना धीर देई, परंतु खोटा धीर देत नसे. श्रद्धावंताच्या वाढीचे त्याने धान्याच्या रोपासारखे तीन टप्पे मांडले होते: आधी पाते, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पिकलेल्या श्रद्धेची खूण त्याच्या मते ही, की अशा माणसाला स्वतःचे दोष पूर्वीपेक्षा कमी नव्हेत, तर अधिक दिसू लागतात आणि म्हणूनच तो दुसऱ्यांशी मऊपणाने वागतो. हे १७७४ पूर्वीच लिहिले गेले. ते त्याच्या स्वतःच्या बाबतीत किती खरे ठरणार आहे, याची त्याला लिहिताना कल्पना नसावी.

१७८० पासून तो लंडनला सेंट मेरी वुलनॉथ या चर्चमध्ये होता. हे चर्च लॉम्बर्ड स्ट्रीटवर, म्हणजे सराफी पेढ्यांच्या गल्लीत, रॉयल एक्स्चेंजपासून हाकेच्या अंतरावर. १७८५ च्या डिसेंबरमध्ये सव्वीस वर्षांचा खासदार विल्यम विल्बरफोर्स लोकांची नजर चुकवीत त्याच्याकडे आला. नव्याने श्रद्धा जागी झाल्याने राजकारण सोडावे की काय, हा त्याचा पेच होता. न्यूटनने त्याला पार्लमेंटमध्येच राहावयास सांगितले. (न्यूटनच्या सहवासाने ज्यांचे आयुष्य बदलले त्यांपैकी क्लॉडियस ब्यूकॅनन हा पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचा उपप्रमुख झाला. याच कॉलेजात विल्यम केरी मराठी शिकवीत असे आणि त्याचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले. मराठी गद्याच्या आरंभाशी या वयोवृद्ध कप्तानाचा असा दूरचा धागा जुळतो.)

१७८७ च्या मे महिन्यात लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. पुढच्या जानेवारीत न्यूटनने या व्यापारावरील आपली पुस्तिका छापली. तो बासष्ट वर्षांचा होता. आरंभीच त्याने हे स्पष्ट केले, की हे जाहीर कबुलीपत्र आहे, ते उशिरा आलेले आहे, आणि त्या वेळी आपल्याला यात काही गैर वाटले नव्हते ही गोष्टच आता आपल्याला लाज आणणारी आहे. मग युक्तिवाद. प्रथम त्याने गोऱ्या खलाशांच्या मृत्यूंची हानी मांडली, कारण पार्लमेंटला ती आधी कळेल हे तो जाणून होता. नंतर या कामाने खलाशांची मने कशी दगड होतात ते. आणि शेवटी गुलामांचे हाल, डेकखालची फळ्यांवर रचलेली माणसे, बायकांवरील अत्याचार. पुस्तिकेच्या प्रती पार्लमेंटच्या सभासदांना वाटण्यात आल्या. प्रिव्ही कौन्सिलसमोर आणि नंतर कॉमन्स सभेच्या समितीसमोर त्याने साक्ष दिली. वर दिलेला २१८ पैकी ६२ हा आकडा याच पुस्तिकेतील आहे. लिहिताना त्या सफरीची जुनी वही आपल्यासमोर उघडी आहे, असे तो सांगतो. चाळीस वर्षे ती वही त्याच्याजवळच होती. तीत एकही नवा आकडा मिळविला गेला नव्हता.

मग बदलले काय? आमच्या मते याचे उत्तर रोजनिशीत सापडत नाही. इतकी वर्षे एकांतात स्वतःच्या अंतःकरणाचा कोपरान् कोपरा झाडणाऱ्या माणसाला हे पाप एकट्याने सापडले नाही. ते त्याला इतरांनी विचारलेल्या प्रश्नांतून सापडले. क्वेकर, क्लार्कसन, विल्बरफोर्स, आणि पकडून आणलेल्या आफ्रिकनांपैकी जे इंग्लंडात लिहू-बोलू लागले होते ते, यांनी धंद्याला पापाच्या यादीत आणून बसविले. तेव्हा न्यूटनने मागे न पाहता आपले नाव त्या यादीखाली लिहिले. वृद्ध, लोकप्रिय धर्मोपदेशकाला हे टाळता आले असते. १७५४ पासून तो त्या धंद्यात नव्हता. वादळाची गोष्ट सांगून पूर्वायुष्य क्षमेच्या खाती जमा करणे त्याला सहज शक्य होते. क्षमा मिळाली आहे हे तो मानीतच होता. परंतु क्षमा मिळाली म्हणून साक्ष देण्यातून सुटका झाली असे त्याने मानले नाही. कृपेवरील त्याच्या शेकडो प्रवचनांपेक्षा ही एक कृती आम्हांस मोठी वाटते.

मेरी १७९० मध्ये वारली. पुढे त्याची दृष्टी आणि स्मृती क्षीण होत गेली, तरी १८०६ पर्यंत तो प्रवचनाला उभा राही. गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कायद्याला २५ मार्च १८०७ रोजी राजाची संमती मिळाली. खुद्द गुलामगिरी संपविणारा कायदा यावयास १८३३ साल उजाडले आणि तेव्हाही दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. न्यूटन २१ डिसेंबर १८०७ रोजी वारला. आपल्या थडग्यावरील मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. आपण एके काळी नास्तिक आणि स्वैराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचे चाकर होतो आणि ख्रिस्ताच्या दयेने वाचून धर्मोपदेशक झालो, असा त्याचा आशय आहे. तीन सफरींचा, कप्तानपदाचा उल्लेख त्यात नाही. १८९३ मध्ये त्याचे व मेरीचे अवशेष लंडनहून हलवून ओल्नीच्या चर्चच्या आवारात ठेवण्यात आले.